ऋणाकडून धनाकडे

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की पहिलं काम चार्जिंगच्या टेबलाचं. रात्री लावलेल्या बॅटऱ्या ओळीने बसलेल्या असतात. आधी चार्जरचं बटण बंद करायचं, मगच चिमटे काढायचे. क्रम उलटा झाला तर चिमटा सुटताना ठिणगी पडते, आणि चार्जिंग संपत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. टेबलावरची जाळीची खिडकी म्हणून मी बाराही महिने उघडी ठेवतो. पावसाची झड आत आली तरी चालेल.

दुकान पुण्यात सातारा रस्त्याला लागून, पद्मावतीच्या बाजूला आहे. आसपास गॅरेजं बरीच. माझ्याकडे औंधच्या आयटीआयमधून आलेला एक मुलगा काम शिकतो. हाताने चलाख आहे. आला तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. माझ्या मते बॅटरीच्या धंद्यात एवढंच माहीत असलेला माणूस धोकादायक असतो. वायरचा रंग उडतो, कुणीतरी लाल वायर संपली म्हणून काळीच लावून देतो, घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल असते आणि त्याचा बॅटरीशी काही संबंध नसतो. रंग पाठ केलेल्याला हे सगळं एकाच डब्यात भरायची सवय लागते.

म्हणून सकाळच्या निवांत वेळात मी त्याला फोडलेल्या बॅटरीतल्या दोन प्लेटा दाखवतो. धुऊन, सुकवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या आहेत. शिशाला उघड्या हाताने शिवायचं नाही. एक प्लेट चॉकलेटी आहे, ती शिशाच्या डायऑक्साइडची. दुसरी राखाडी, ती सच्छिद्र शिशाची. दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडलेल्या असतात. राखाडी प्लेटेतल्या शिशाचा आम्लाशी संयोग झाला की शिशाचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो. ते त्या प्लेटेत साचतात. म्हणून तिला जोडलेला खांब मायनस. चॉकलेटी प्लेटेला नेमकी इलेक्ट्रॉनची गरज असते. म्हणून तो खांब प्लस. आम्लातून इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकत नाहीत, तिथे आयनच ये-जा करतात. इलेक्ट्रॉनना जायला बाहेरची तार हवी. तार जोडली की ते मायनसमधून निघतात, वाटेत बल्ब पेटवतात, मोटर फिरवतात, आणि प्लसमधून चॉकलेटी प्लेटेत उतरतात.

"म्हणजे काका, प्लसमधून करंट निघतो असं शाळेत शिकवलं ते?" त्याने विचारलं. म्हटलं, जेवताना सांगतो, आधी ग्रॅव्हिटी बघ.

बॅटरी उतरते तशा दोन्ही प्लेटा शिशाच्या सल्फेटच्या होत जातात, आम्ल खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. म्हणून हायड्रोमीटरचा तरंगता काटा सगळं सांगतो. ग्रॅव्हिटी म्हणजे आम्लाची घनता. आमच्या भाषेत ती 'बाराशे पन्नास' आली म्हणजे बॅटरी भरली, अकराशे पन्नासच्या खाली गेली म्हणजे बसली. एका सेलचे दोन व्होल्ट आणि वर थोडं, असे सहा सेल, म्हणून भरलेली आणि काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. चिमटे काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवेल. त्यावर विश्वास ठेवून बॅटरी गिऱ्हाइकाला देऊ नये. साडेदहा व्होल्टवर अडून बसलेली बॅटरी आली तर बहुतेक वेळा एक सेल गेलेला असतो.

साडेनऊ

सहकारनगरमधून फोन. गाडीचा दिवा रात्रभर चालू राहिला होता, सेल्फ मारला की नुसतं 'टकटक' होत होतं. जंपर केबल आणि एक भरलेली बॅटरी स्कूटरवर घालून दोघं गेलो.

गाडीवाल्या बाई उत्सुक होत्या. म्हणाल्या, "दादा, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळा क्रम सांगतो. खरा कुठला?" मला असा प्रश्न फार आवडतो. लाल केबलचा एक चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि तिचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचंच नाही. ते इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावायचं. शेवटची जोडणी होताना ठिणगी पडतेच, आणि ती हायड्रोजन साचण्याच्या जागी पडू नये.

मायनस इंजिनाला लावलं तरी चालतं, कारण गाडीचा सगळा पत्रा, इंजिन, चासिस बॅटरीच्या मायनसलाच जोडलेलं असतं. मेकॅनिक त्याला नुसतं 'बॉडी' म्हणतात. दिव्याला, हॉर्नला, सेल्फला प्रत्येकी एकच वायर पुरते, परतीची वाट म्हणजे बॉडी. यातूनच दुसरा नियम निघतो. बॅटरी काढताना मायनस आधी काढायचं आणि बसवताना मायनस शेवटी लावायचं. दहाचा पाना प्लसच्या नटावर असताना त्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर मायनस जोडलेलं असताना पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. शेकडो अँपिअर जातात, पाना लाल होतो, हातात अंगठी असेल तर बोट जातं. मायनस आधी काढलेलं असेल तर तोच पाना पत्र्याला घासला तरी काही होत नाही, कारण इलेक्ट्रॉनना निघायची जागाच उरलेली नसते. हा नियम पाठ करण्याचा नाही, हे त्या मुलाला मी जितक्या वेळा सांगता येईल तितक्या वेळा सांगतो.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. परतताना त्याने विचारलं, इलेक्ट्रॉन एवढ्या वेगाने कसे जातात? खरं तर ते वेगाने जातच नाहीत. सेल्फ मारताना दोनशे अँपिअर जातात असं धरू. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला ६ वर १८ शून्यं लिहावीत इतके इलेक्ट्रॉन. पण पंचवीस चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये मुळातच इतके मोकळे इलेक्ट्रॉन भरलेले असतात, की दोनशे अँपिअर वाहायला त्यांना सेकंदाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरहून जास्त सरकावंच लागत नाही. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग मंडईच्या पुढे गेलेली असते. गाभाऱ्यापाशी माणूस पुढे सरकला की क्षणात मागचाही पाय उचलतो, पण त्या क्षणात कुणी मंडईतून गाभाऱ्यात पोचत नाही. इंजिन दोन सेकंदांत सुरू झालं, तेवढ्यात मायनसच्या खांबातून निघालेला इलेक्ट्रॉन पितळी क्लँपच्या बाहेरही आलेला नसतो.

सव्वाअकरा

आजच्या दिवसातलं खरं काम यावेळी आलं. सासवडकडचे एक शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले. बॅटरी महिनाभर बसून होती, गावाकडे एका ठिकाणी चार्ज करून आणली, ट्रॅक्टरला लावली तर मोठा आवाज होऊन मुख्य फ्यूज उडाला. "नवीनच घ्यावी लागेल का भाऊ?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती रास्त होती. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा राहणं परवडत नाही.

मुलाने मीटरचा लाल प्रोब प्लसच्या खांबाला, काळा मायनसच्या खांबाला लावला. आकडा आला, पण त्याच्या आधी उण्याची खूण. त्याला वाटलं प्रोब उलटे लागले. पुन्हा पाहिलं. प्रोब बरोबर होते. बॅटरीच उलटी झाली होती.

असं होऊ शकतं यावर पुष्कळ अनुभवी मेकॅनिकांचाही विश्वास बसत नाही. पण सकाळच्या दोन प्लेटा आठवल्या तर यात नवल नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेटच असतं. कोण चॉकलेटी आणि कोण राखाडी हा भेद जवळजवळ मिटलेला असतो. अशा बॅटरीत चार्जर ज्या खांबातून इलेक्ट्रॉन आत ढकलेल, ती प्लेट पुन्हा शिशाची होणार. ज्या खांबातून इलेक्ट्रॉन ओढून घेईल, ती डायऑक्साइडची होणार. चार्जरला खांबावर छापलेली खूण वाचता येत नाही. चिमटे उलटे लागले, बॅटरी तळाला गेलेली होती, आणि रात्रभरात ती उलट्या अंगाने भरली. विचारल्यावर कळलं, तिथल्या चार्जरचे दोन्ही चिमटे काळे पडलेले होते.

मग ती ट्रॅक्टरला लावल्यावर फ्यूज का उडाला? अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. डायोड इलेक्ट्रॉनना एकाच बाजूने जाऊ देतो. अल्टरनेटरमधला उलटसुलट प्रवाह तो बॅटरीच्या सोयीच्या एका दिशेत आणतो, आणि इंजिन बंद असताना बॅटरीचा प्रवाह अल्टरनेटरमध्ये परत शिरू देत नाही. बॅटरी उलटी लागली की तेच डायोड सरळ रस्ता बनतात, जवळजवळ शॉर्टच. फ्यूज वेळेत उडाला तर डायोड वाचतात, नाही तर डायोड आधी जातात आणि फ्यूज नंतर. यांचा फ्यूज वेळेत उडाला होता असं मला वाटलं, पण अल्टरनेटर दाखवून घ्या असं मी बजावून सांगितलं. साध्या पिवळ्या बल्बला दिशेचं काही नसतं. तो बॅटरी उलटी असली तरी पेटतो, त्यामुळे बल्ब लावून 'बॅटरी चालू आहे' असा निर्वाळा देणाऱ्यांची फसगत होते.

उपाय धीराचा आहे. हेडलाइटचा बल्ब जोडून बॅटरी पूर्ण उतरवायची, शून्यापर्यंत. मग चिमटे बरोबर लावून कमी अँपिअरवर सावकाश भरायची. आमच्या नव्या चार्जरला उलट्या जोडणीपासून संरक्षण आहे. त्याला उण्यातली बॅटरी जोडली तर तो काम करायलाच नकार देतो, म्हणून आधी उतरवणं भाग आहे. पण मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलं, की ही बॅटरी पूर्वीइतकी टिकणार नाही. दोन्ही प्लेटा दिसायला भावंडं असल्या तरी सारख्या घडवलेल्या नसतात. राखाडी प्लेटेत शिसं सच्छिद्र राहावं म्हणून बेरियम सल्फेट, लिग्निन, काजळी अशा वस्तू थोड्या प्रमाणात मिसळतात. चॉकलेटी प्लेटेत त्या नसतात. तिला उलटं काम दिलं तर ते ती काही काळच करते. हंगाम निघाला तरी पुरे, असं ते म्हणाले. दोन दिवसांनी या म्हटलं. नवीन विकता आली असती, पण दुरुस्त होणारी वस्तू भंगारात टाकायला लावणं मला पटत नाही.

मग मुलाला सांगून त्या बॅटरीवर खडूने मोठं 'उलटी' लिहून घेतलं.

दुपारी एक

डबा उघडला, आणि सकाळचा प्रश्न.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास विजेला प्लस आणि मायनस ही नावं दिली. वीज हा एकच द्रव आहे, तो जिथे जास्त तिथे प्लस आणि कमी तिथे मायनस, असं त्यांचं म्हणणं. काच रेशमाने घासली की काचेत द्रव वाढतो असं त्यांनी धरलं. वाढ कुठे आणि घट कुठे हे डोळ्यांनी दिसण्याचा मार्ग तेव्हा नव्हता, दोनांपैकी एक निवडायचं होतं. व्होल्टाचा विद्युतघट १८०० चा, शिसे-आम्ल बॅटरी प्लांते यांनी १८५९ मध्ये केली, आणि जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन ओळखला तो १८९७ मध्ये. तेव्हा कळलं की तारेतून खरोखर जे सरकतं त्याचा भार ऋण आहे, आणि घासलेल्या काचेतून ते निघून जातं. तोपर्यंत दीडशे वर्षांची सूत्रं, आकृत्या, यंत्रं प्लसकडून मायनसकडे बाण काढून तयार झालेली होती.

"मग बदलत का नाहीत?" त्याने विचारलं.

बदलायची गरज नाही. गणितात ऋण भार उजवीकडे जाणं आणि धन भार डावीकडे जाणं यांचा परिणाम एकच. शिवाय बॅटरीच्या आत बघ. बॅटरी वापरात असताना आम्लातले धनभारित हायड्रोजन आयन खरंच चॉकलेटी प्लेटेकडे जात असतात, आणि ऋणभारित सल्फेटचे आयन उलट बाजूला. म्हणजे प्रवाहाचा बाण काही ठिकाणी अक्षरशः खरा असतो. तारेत इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात, कागदावर बाण प्लसकडून मायनसकडे काढतात, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवता आलं पाहिजे. शाळेत बाण शिकवतात, इलेक्ट्रॉनही शिकवतात, पण दोन्ही एका आकृतीत समोरासमोर ठेवून क्वचितच दाखवतात. मुलं गोंधळतात ती इथे, आणि हा गोंधळ पुढे आयटीआयपर्यंत, अगदी इंजिनिअरिंगपर्यंत जातो.

अडीच

बिबवेवाडीत एका दवाखान्याच्या इन्व्हर्टरचं काम. लसींचा फ्रिज त्यावर आहे. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर. एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं इन्व्हर्टरला. पहिल्या बॅटरीने उचललेल्या इलेक्ट्रॉनना दुसरी आणखी उचलते, म्हणून बारा आणि बारा मिळून चोवीस. मधली पट्टी सैल होती आणि खांबावर हिरवट पांढरा क्षार साठला होता. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलं, पुसलं, नट आवळले, व्हॅसलीन लावलं, डिस्टिल वॉटर भरलं. पाणी नळाचं कधी घालू नये. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

दुकान काढण्याआधी मी एका कंत्राटदाराकडे टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-रूमचं काम करत असे. दोन व्होल्टचे चोवीस प्रचंड सेल ओळीने मांडलेले, एकूण अठ्ठेचाळीस व्होल्ट. तिथे पहिल्याच दिवशी दिसलं ते असं, की जमिनीला जोडलेला खांब प्लसचा होता. गाड्यांच्या बरोबर उलट. चुकून नव्हे, जाणूनबुजून. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा ओल्या जमिनीतून जातात. तांबं जमिनीच्या तुलनेत धन राहिलं, तर त्याचे अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून आयन होऊन ओलाव्यात उतरतात आणि तार झिजत जाते. तांबं ऋण ठेवलं तर त्याच्यावर इलेक्ट्रॉनची रेलचेल असते आणि अणूंना सुटायला वाव राहत नाही. म्हणून सगळी व्यवस्था उणे अठ्ठेचाळीस व्होल्टची. आज मोबाईल टॉवरच्या खाली जी बॅटरी असते, तिचाही प्लसच अर्थ केलेला असतो, जमिनीतल्या तांब्याच्या जोड्या गेल्या तरीही. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्याही प्लस बॉडीला जोडलेल्या होत्या. कुणाकडे जुनी मॉरिस किंवा लँड रोव्हर असेल तर बॅटरी बदलताना आधी हे पाहावं. मेकॅनिक नव्या गाडीच्या सवयीने उलटी जोडून मोकळा होतो.

साडेचार

उन्हं कलली की काउंटरवर लहान कामं येतात. एक आजी टीव्हीचा रिमोट घेऊन आल्या. "बाळा, नवीन सेल घातले तरी चालत नाही रे." दोनांपैकी एक सेल उलटा होता. दीड उणे दीड, शून्य. सरळ केला, रिमोट चालू. आधीचा सेल मात्र आत गळला होता, तो कापसाने पुसून काढला.

स्वस्तातला साधा सेल का गळतो, हे त्याचा मायनस कुठे आहे ते कळलं की समजतं. त्याचं बाहेरचं जस्ताचं भांडंच मायनस. तेच इलेक्ट्रॉन देतं, तेच खर्ची पडतं, आणि शेवटी त्याला भोकं पडतात. मधली कार्बनची कांडी प्लस. अल्कलाइन सेलमध्ये आतली मांडणी उलटी. जस्ताची पूड मध्यभागी, तिच्यातून पितळी खिळा सपाट बुडाला जोडलेला, आणि बाहेरचं पोलादी भांडं प्लस. दोन्ही सेल वरून हुबेहूब एकसारखे, उंचवटा प्लस आणि सपाट बूड मायनस, पण एकाचं अंग मायनस आणि दुसऱ्याचं प्लस. स्कूटर आणि लॅपटॉपमधला १८६५० हा लिथियमचा सेल पुन्हा वेगळा. त्याचं सगळं भांडं मायनस, वरची फक्त मधली टोपी प्लस. टोपी आणि भांड्याचा काठ यांच्यामध्ये एक पातळ रबरी कडं आणि वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन. काठापाशी ते वेष्टन फाटलं आणि जोडपट्टी टेकली की शॉर्ट.

म्हणून इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक मी उघडत नाही. मुलाला शिकायची फार इच्छा आहे, आणि ती शिकण्यासारखीच विद्या आहे, पण वेगळ्या जागेत, वेगळ्या साधनांनी. शिसे-आम्ल बॅटरी चुकीबद्दल ठिणगीने बजावते, लिथियमचा सेल आग लावतो. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्यांची १९६६ पासूनची संस्था आहे, तिथे एआयएस-१५६ या मानकाप्रमाणे अशा पॅकची परीक्षा होते. बाहेरून शॉर्ट करून, जादा चार्ज करून, आगीत धरून पाहतात. स्कूटरच्या आगींनंतर ते नियम २०२२ च्या डिसेंबरपासून आणि २०२३ च्या मार्चअखेरीपासून अशा दोन टप्प्यांत कडक झाले. गल्लीतल्या दुरुस्त पॅकला यातली एकही परीक्षा नसते.

याच शहरात पुढचंही काम चालू आहे. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर विकसित केलेली सोडियम-आयन बॅटरी केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. माझ्या कामाच्या दृष्टीने तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. लिथियमच्या सेलमध्ये मायनसच्या बाजूला तांब्याचा पत्रा लागतो, आणि सेल अगदी तळाला नेला तर ते तांबं विरघळायला लागतं. सोडियममध्ये मायनसलाही अॅल्युमिनियम चालतं, त्यामुळे सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ट्रकमध्ये भरता येतो. शून्य व्होल्टच्या सेलमध्ये पान्याने होणारा अपघात नसतो.

साडेसहा

गर्दी. ऑफिसातून परतणारे थांबतात, दोन-तीन गाड्या रस्त्यातच लागतात, मागचे हॉर्न वाजवतात. विक्री, वॉरंटी कार्ड, जुनी बॅटरी वजनावर. नवीन बॅटरी देताना नंबराच्या शेवटचं एल की आर हे मी स्वतः पाहतो. डबा तोच, क्षमता तीच, फक्त प्लसचा खांब दुसऱ्या बाजूला. चुकीची घेतली तर गाडीची केबल पोचत नाही, आणि घाईत कुणीतरी जवळच्या खांबाला हवी ती केबल चढवतो. बनवणाऱ्यांनी याची काळजी घेतलेली आहे. प्लसचा खांब मायनसपेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने जाड असतो. प्लसचा क्लँप मायनसवर सैल बसतो, मायनसचा क्लँप प्लसवर शिरत नाही. तो ठोकून बसवावा लागत असेल, तर हातोडी खाली ठेवावी आणि पुन्हा पाहावं.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि तिच्यातलं शिसं पुन्हा वितळवून नवीन बॅटरीत जातं. भंगारवाला आम्ल गटारात ओततो.

आठ

शेजारच्या चहावाल्यांची मुलगी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला मोटर करायची होती. अरविंद गुप्ता यांनी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना जी मोटर अनेक मुलांच्या हातात दिली, तीच. एक सेल, सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, आणि एनॅमलच्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं एकाच अंगाने. माझ्या शिकाऊ मुलाने तिला ते करून दाखवलं. वेटोळं फिरायला लागलं. मग त्याने सेल उलटा घातला, आणि ते उलट्या दिशेने फिरलं. "का?" असं तिने विचारल्यावर त्याने सकाळपासून ऐकलेलं सगळं तिला सांगितलं, चॉकलेटी आणि राखाडी प्लेटेपासून. मी मध्ये बोललो नाही. त्याला एकाही ठिकाणी दुरुस्त करावं लागलं नाही.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा बल्ब मंद झाला होता. मीटरने उणे दीड व्होल्ट दाखवलं. सकाळपर्यंत शून्यावर येईल, मग चार्जिंगला लावता येईल.

वाचकांना एक विनंती. पासोड्या विठोबाजवळच्या तापकीर गल्लीत साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो आणि दोन सेल घरातल्या मुलाच्या हातात द्या. लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला लावू द्या, मग दोन्ही अदलाबदल करू द्या. आकड्याच्या आधी उण्याची खूण येईल. ती का आली हे त्याला लगेच सांगू नका, शोधू द्या. अडला तर जवळच्या कुठल्याही बॅटरीच्या दुकानात घेऊन या. सकाळी अकराच्या आधी आलात तर आम्हाला सांगायला वेळ असतो.